सतरा नंबरच्या कार्डाची मागची बाजू

साउथ बेंड, इंडियाना
रविवार, ६ एप्रिल २०२५

प्रिय मार्टिन,

काल, शनिवार, ५ एप्रिल २०२५ रोजी, सकाळी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये, तुझ्याच टेबलासमोर उभी राहून मी सतरा नंबरचं कार्ड उलटं केलं आणि मागची दुसरी ओळ वाचली. वेळ पक्की ठाऊक आहे, कारण त्यानंतर तुझ्या तोंडाकडे बघायचं नव्हतं म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. हॉलला आदल्या दिवशीच्या तळलेल्या माशांचा वास येत होता. लेंटच्या उपासात इथं दर शुक्रवारी मासे तळतात, म्हणून खेळाडूंच्या कार्डांचा बाजारसुद्धा त्याच वासात भरतो. तू एका टोपीवाल्या माणसाला सांगत होतास, “मागच्या छपाईत एक चूक राहिली होती. माझ्या वडिलांनी ती ओळ मनानंच घातली होती. शेवटी शेवटी जरा भ्रमिष्ट झाले होते ते. आता सगळं मालिकेप्रमाणे अचूक केलंय.” टोपीवाल्यानं मान डोलावली. मी कॉफीचा कप ठेवला, कोट घेतला आणि निघाले. मागून तू ओरडलास, “आत्या, डोनट तरी खाऊन जा!” मी वळले नाही. गुडघा दुखत असेल असं तुला वाटलं असेल. गुडघा दुखत नव्हता.

आधी तक्रार स्वच्छ शब्दांत मांडते, म्हणजे नंतर ‘मला समजलंच नाही’ असं म्हणायला जागा नको. ‘कॅल्डर मिल्स’ या टीव्ही मालिकेतल्या बास्केटबॉल खेळाडूंची आपण केलेली, पुढे चित्र आणि मागे आकडे असलेली चाळीस कार्डं. त्यातलं सतरावं वेंडेल रस्कचं. त्याच्या मागे दुसऱ्या वर्षाच्या ओळीत तुझ्या बापानं, टिबोरनं, सांगितलेलं आणि मी माझ्या हातानं एकेक अक्षर लावलेलं असं होतं: ‘खेळला नाही. घरासाठी कामावर.’ ते काढून तू घातलंस: ‘खेळला नाही. संघातून काढले.’ सोमवारी, चौदा तारखेला, दुसरी छपाई सुरू होणार आहे, असं तूच सांगितलंस. त्याआधी मला ती ओळ परत जागेवर हवी आहे. का हवी, ते पुढे लिहिते. शेवटपर्यंत वाच. फोन करणार नव्हते, कारण फोनवर मी विनोद करते आणि तू हसतोस आणि मग काहीच बोलणं होत नाही. हे आपल्या घरात साठ वर्षं चाललंय.

तुझी आई गेली, पाठोपाठ टिबोरला अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा तू त्याला ती जुनी मालिका आणून दिलीस. ते तुझं पुण्य. मी मंगळवारी आणि शुक्रवारी जायचे. मंगळवारी चिकन पापरिकाश, शुक्रवारी शेवया. एका मंगळवारी तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, “बर्नी, या पोरांची कार्डं कधी निघालीच नाहीत.” मी म्हटलं, “जी पोरं जन्मालाच आली नाहीत त्यांची कार्डं कोण काढणार?” तर म्हणतो, “जन्माला आली नाहीत? यांना मी रोज भेटतो. तुला आठवड्यातून दोनदाच भेटतो.” मग थोड्या वेळानं, “तू छापखान्यात एकतीस वर्षं काय केलंस? कागदावर कागद चिकटवलेस ना? मग चिकटव.”

असं ते सुरू झालं. तुला छपाईची बाजू माहीत आहे, त्याआधीची नाही. तू दर दोन आठवड्यांनी रविवारी फोर्ट वेनहून यायचास तेव्हा टेबलावर तयार कार्ड असायचं. ते कसं व्हायचं सांगते. टिबोर डाव्या हातात रिमोट धरून चित्र थांबवायचा. मी पडद्याचा फोटो काढायचे, कितीदा तरी, कारण थांबलेल्या चित्रात पोरांचे डोळे नेमके मिटलेले असतात. मग त्यावर हातानं रंग. त्याला कार्डं हवी होती ती आमच्या तरुणपणी, सत्तरच्या सुमाराला, च्युइंग गमच्या पाकिटातून यायची तशी. जाड पांढरी चौकट, फुगीर अक्षरांतलं नाव, कोपऱ्यात चेंडू, आणि मागची बाजू करड्या पुठ्ठ्याची, हिरव्या शाईची. आणि रंग रेषेच्या जरा बाहेर सांडलेला. एकतीस वर्षं मी रंग रेषेच्या आत ठेवण्यासाठी डोळे फोडून घेतले, आणि सत्तरी उलटल्यावर हा माणूस मला म्हणतो, “लाल जरा बाहेर जाऊ दे. तेव्हा जायचा. ओठ हनुवटीवर यायचे, आठवत नाही?” मी म्हटलं, “माझ्या हाताखालून असं काही गेलं असतं तर फोरमननं मला बाहेर काढलं असतं.” “आता फोरमन मी,” तो म्हणाला.

आकडे त्याचे. तिन्ही वर्षांचे सगळे भाग बघून त्यानं प्रत्येक पोरानं केलेल्या बास्केट मोजल्या. खरंच पडद्यावर दिसलेल्या. चेंडू हवेत असताना कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला तर काय धरायचं यावर आमचं एकदा दीड तास भांडण झालं. मी म्हटलं, लोक उठून ओरडताहेत म्हणजे गेलाच असणार. तो म्हणाला, “लोक कशालाही ओरडतात. जाळी हलली तर धरायचं.” त्या नियमानं बिचाऱ्या ड्वेन पोगूचे अंतिम सामन्यातले जिंकून देणारे दोन गुणही गेले. कप हातात घेऊन नाचतोय तो पोरगा, आणि मागे आकडा शून्य. तुला ते फार आवडलं होतं. रविवारी तू आणि तो त्यावर इतके हसलात की त्याला ठसका लागला. तुम्हा दोघांना एकत्र असं हसताना मी तेव्हा कितीतरी वर्षांनी बघितलं, आणि भांडी घासायचं निमित्त करून आत गेले.

त्याचा दुसरा नियम असा, आणि या पत्राचा गाभा तोच आहे. कार्डाच्या मागे वर्ष गाळायचं नाही. जुन्या कार्डांवर बघ. खेळाडू सैन्यात गेला असेल तर त्या वर्षाची ओळ असतेच, आकड्यांच्या जागी ‘सैन्यात’ असं लिहिलेलं असतं. आजारी असेल तर तसं. टिबोर म्हणायचा, “आकडे नाहीत म्हणजे माणूस नव्हता असं नाही. कुठं होता ते लिहायचं.”

आता वेंडेल रस्क. पहिल्या वर्षी तो आहे, आणि चांगला आहे. दुसऱ्या वर्षी नाही. नट सोडून गेला असेल, लेखकांना कंटाळा आला असेल, कोण जाणे. एका भागात लोखंडी सामानाचा दुकानदार काऊंटरवर रेलून म्हणतो, “तो रस्क ना? त्याला काढला म्हणे.” एवढं एकच वाक्य. तिसऱ्या वर्षी रस्कचं नावही कुणी काढत नाही. तुझ्या त्या ओहायोच्या गिऱ्हाइकानं तुला चूक दाखवणारं जे पत्र पाठवलं ते या वाक्याच्या जोरावर. ते वाक्य टिबोरला माहीत नव्हतं असं वाटलं तुला? त्यानं तो भाग नऊ वेळा पाहिला होता. मी म्हटलं होतं, “दुकानदार म्हणतोय ना, काढला. तेच लावते.” तो म्हणाला, “दुकानदार ‘म्हणे’ म्हणतोय. त्यानं बघितलंय का?” मग म्हणाला, “लाव. खेळला नाही. घरासाठी कामावर.” मी विचारलं, “मालिकेत कुठंय हे?” तो म्हणाला, “नाहीये. मला ठाऊक आहे.”

ही अक्षरं घासून कागदावर उतरवावी लागतात. बारीक काम, आणि माझे डोळे आता तसले राहिले नाहीत. मला पाऊण तास लागला. एरवी अशा वेळी तो मालिका चालू ठेवायचा आणि मला घाई करायचा. त्या दिवशी त्यानं टीव्ही बंद केला आणि शेजारी बसून माझे हात बघत राहिला. मी मान वर केली नाही. झाल्यावर त्यानं कार्ड डाव्या हातात घेतलं, खिडकीकडे धरलं आणि म्हणाला, “नीट आलंय.” एवढंच. मग म्हणाला, “शेवया आहेत का अजून?”

तो भ्रमिष्ट झाला नव्हता, मार्टिन. त्याचा मेंदू अखेरपर्यंत माझ्यापेक्षा तल्लख होता. तो जानेवारीत गेला त्याच्या दोन दिवस आधी, दवाखान्यात, त्यानं नर्सला पत्त्यांत हरवलं आणि तिला सांगितलं की तुझा चेहराच तुझे पत्ते सांगतो. तू होतास तिथं. तू त्याची नखं कापत होतास. ते मी विसरलेले नाही. तू वाईट मुलगा आहेस असं या पत्रात कुठंही लिहिलेलं नाही, उगीच शोधू नकोस.

पण तू पंधरा वर्षांचा असतानाचा तो नोव्हेंबर तुलाही आठवत असेल. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी तू शाळेचा संघ सोडून घरी आलास. मी तुमच्याकडे होते, मक्याच्या पावाचं भांडं माझ्या हातात होतं. टिबोर कामावरून येऊन अजून बूटही न काढता तुझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “अरे, एवढा हंगाम तरी खेळ. नंतर सोड. अर्ध्यावर सोडलेलं फार वर्षं टोचतं.” तू म्हणालास, “तुम्ही मला सांगू नका, बाबा. तुम्हाला तर हाकलून दिलं होतं.” तुझी आई “मार्टी!” म्हणून ओरडली. टिबोर बाहेर गेला आणि गाडीवरचं बर्फ काढत बसला. बर्फ फारसं नव्हतंच. आम्ही तिघं खिडकीतून त्याला स्वच्छ काचेवर खरवडणी फिरवताना बघत होतो. त्यानंतर तो तुला खेळाबद्दल कधी काही बोलला नाही. तूही नाही. ‘कॅल्डर मिल्स’ येईपर्यंत नाही.

त्याला संघातून काढलं होतं हे तुला कुणी सांगितलं होतं? तू म्हणशील, सगळ्यांनाच माहीत होतं. बरोबर. तुझ्या आजोबांनी ते गावभर सांगितलं होतं. पण तुला, दहा वर्षांच्या मार्टिनला, स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसून पाय हलवणाऱ्याला, ते मी सांगितलं. मसालेदार करून सांगितलं. “तुझ्या बापाचे हात लांब होते आणि जीभ हातांहून लांब होती, म्हणून प्रशिक्षकानं दरवाजा दाखवला.” तू खूप हसलास. दरवर्षी टर्की कापताना मी तो विनोद पुन्हा करायचे आणि टिबोर सुरी थांबवून म्हणायचा, “ती सांगते ते खरं असतं, नन्सच्या हाताखाली शिकलीय.” सगळे हसायचे.

आता डिसेंबर १९६३. गावातला मोटारींचा कारखाना नाताळच्या तोंडावर बंद पडला आणि तुझे आजोबा एकवीस वर्षांच्या नोकरीनंतर घरी बसले. आमच्या गल्लीत तर घरोघरी बाप खिडकीत बसलेले दिसायचे. टिबोर सतरा वर्षांचा, शाळेचं शेवटचं वर्ष, संघात पहिल्या पाचांत. मी पंधरा वर्षांची, कॉन्व्हेंट अकादमीत. घरात ठरलं की मला काढायचं आणि फुकटच्या शाळेत घालायचं. ते अगदी रास्त होतं. माझ्या वर्गातल्या चार मुली त्या महिन्यात गेल्या, त्यांचं काही बिघडलं नाही. पण मी तीन दिवस जेवले नाही. मी सांगितलं की मला इथून काढलंत तर मी कुठल्याच शाळेत जाणार नाही. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. चौथ्या दिवशी टिबोर सकाळी शाळेत गेला, संघाचे कपडे धुऊन घडी करून नेले होते ते त्यानं परत दिले, आणि दुपारी ओतकामाच्या कारखान्यात कामाला लागला. संध्याकाळी तो हात धूत होता तेव्हा मी विचारलं, “हे काय?” तो म्हणाला, “तू जेव आधी.”

आठवड्यानं प्रशिक्षक घरी आले. हॅटवर बर्फ घेऊन दारातच उभे राहिले. म्हणाले, “बॉडनारसाहेब, मार्चपर्यंत तरी पोराला खेळू द्या. मी हात जोडतो.” मी जिन्यावर बसून लॅटिनची क्रियापदं पाठ करत होते. वडील काही बोलण्याआधी टिबोरच म्हणाला, “मला कंटाळा आलाय खेळाचा, सर.” प्रशिक्षकांनी त्याच्याकडे बघितलं, मग वर जिन्याकडे, माझ्याकडे बघितलं, हॅट घातली आणि गेले. पोरगा घर चालवतो आणि बाप खिडकीत बसतो हे तुझ्या आजोबांना सहन होणारं नव्हतं. त्यांनी चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं की पोरगा उद्धट निघाला, त्याला संघातून काढला. प्रशिक्षक भले माणूस, त्यांनी कधी खोडून काढलं नाही. टिबोरनं नाही. मी पायऱ्यांवर शेजारीच उभी होते, अकादमीचा निळा कोट घालून. मीही नाही. नन्सनी आम्हाला शिकवलं होतं की जे करायचं राहिलं त्याचाही कबुलीजबाब द्यायचा असतो. मी दर शनिवारी पाद्र्यांसमोर आठवून आठवून बारीकसारीक पापं सांगितली आणि हे सोडून दिलं. आणि त्या लॅटिनचं पुढं काय झालं म्हणशील, तर एकतीस वर्षांत एकदा एका वकिलाच्या पत्रशीर्षावरची एक चूक पकडली. बस.

म्हणून हे पत्र. काल त्या टेबलासमोर मला राग आला तो तुझा आला असं घरी पोचेपर्यंत वाटत होतं. तू पडद्यावरचं ऐकीव वाक्य खरं मानलंस आणि एका पोराचं वर्ष पुसून त्या जागी ते छापलंस. मी तेच केलं, फक्त माझ्या समोर खरा माणूस होता, आणि मला खरं काय ते माहीत होतं. साठ वर्षांत टिबोरनं मला एकदाही विचारलं नाही की तू का बोलली नाहीस. त्यानं फक्त न जन्मलेल्या एका पोराचं नाव पुढं केलं, माझ्या हातात अक्षरं दिली आणि शेजारी बसून बघितलं की मी ती लावते की नाही. ती ओळ रस्कची नाही. ती तुझ्या बापाची आहे, १९६३-६४ची, आणि त्याच्या आयुष्यात ती फक्त तिथंच छापली गेली. तुझी आई ते न कळताच गेली. तू तसा न कळता जाणार नाहीस, एवढं मी बघेन. मला माफ केलंस की नाही ते लिहू नकोस, ते मी विचारलेलं नाही. तोंडी काही नको, “बघतो, आत्या” तर मुळीच नको. ‘खेळला नाही. घरासाठी कामावर.’ ही ओळ सतरा नंबरच्या कार्डावर परत येणार का, होय की नाही, हे कागदावर, तुझ्या सहीनं, माझ्या पत्रपेटीत शुक्रवारी, ११ एप्रिलला, दुपारी बारा वाजायच्या आत पोचलं पाहिजे.

उत्तर काहीही आलं तरी तुझीच,
बर्नी आत्या